शनीची कडी आणि शवासन

माझी नोकरी रबाळ्याला, औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या यंत्रांची कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. बाटली आली की थांबव, भर, झाकण लाव, लेबल चिकटव, पुढे ढकल. मग दुसरी बाटली. हा क्रम यंत्राला शिकवायचा आणि चुकला तर कुठे चुकला ते शोधायचं, हे काम मी एकोणीस वर्षं करते आहे. लोक विचारतात, हे अंतराळाचं संगीत तुम्हाला कुठून सुचलं? त्यांना आकाश, तारे, लहानपणी गच्चीवर झोपणं असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी सांगते, खोकल्याच्या औषधावरून. त्यांचा विरस होतो, पण खरं तेच आहे.

नवीन यंत्र गिऱ्हाइकाकडे पाठवण्याआधी आम्ही ते रिकामंच चालवून बघतो. बाटल्या नाहीत, औषध नाही, नुसता क्रम. ठक, फिस्स, ठक, कर्र, असे आठ टप्पे आणि पुन्हा पहिल्यापासून. एका दुपारी असंच एक यंत्र तीन तास चालवायचं होतं. मी समोर स्टुलावर वही घेऊन चुका टिपायला बसले होते आणि चुका येत नव्हत्या. दुसऱ्या तासाला लक्षात आलं की मी त्या आवाजावर काहीतरी गुणगुणते आहे, आणि एका टायमरचा वेळ मी काही कारण नसताना किंचित वाढवून ठेवला आहे, कारण तसं ऐकायला जास्त बरं वाटतं. खोकल्याच्या औषधाला त्याने काही फरक पडला नाही. मला पडला.

घरी येऊन शोधलं, तर जगात असं करणारी माणसं आधीपासून होतीच. एकटा माणूस, समोर सिंथेसायझर आणि त्याला जोडलेला सिक्वेन्सर. सिक्वेन्सर म्हणजे आमच्या पॅनलचा चुलतभाऊच. त्याला आठ किंवा सोळा सूर एकदा सांगून ठेवायचे, मग तो ते न थकता त्याच क्रमाने वाजवत राहतो. माणसाने नॉब फिरवत त्या सुरांचा रंग बदलायचा, कधी त्यांना जवळ आणायचं, कधी धुक्यात ढकलायचं, आणि वरून एका हाताने एखादी लांब, सावकाश चाल वाजवायची. गाणारं कोणी नाही, तबला नाही. एकेक रचना अर्ध्या-पाऊण तासाची आणि नाव हमखास एखाद्या ग्रहाचं. मला वाटलं, हे आपल्याला जमेल. निम्मं काम तर मी रोज करतेच आहे.

जुना सिंथेसायझर मिळाला खांदेश्वरला. जाहिरातीत ‘पियानो, घरगुती वापर’ असं लिहिलं होतं, पण फोटोत नॉबच्या तीन रांगा दिसत होत्या. दार सत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. त्यांचा मुलगा परदेशात स्थायिक झाला होता आणि त्याच्या खोलीत त्यांना आता देवघर करायचं होतं. यंत्र पलंगावर निजवलेलं होतं, अंगावर धुतलेली चादर.

“कोण शिकतंय? मुलगा की मुलगी?” त्यांनी विचारलं.

“मीच.”

त्यांनी माझ्या भांगातल्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. “कुठे शिकवता का तुम्ही?”

“नाही. रबाळ्याला कंपनीत आहे.”

“मग बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. काय बरोबर आहे ते मला आजतागायत कळलेलं नाही.

मग त्यांनी अट घातली की काहीतरी वाजवून दाखवा, वस्तू योग्य हातात जायला हवी. मला एकही गाणं वाजवता येत नव्हतं. मी एक पट्टी दाबून धरली आणि फिल्टरचा नॉब हळूहळू फिरवत नेला. विहिरीच्या तळातून वर यावा तसा आवाज वर आला आणि खोलीभर पसरला. बाई डोळे मिटून उभ्या होत्या.

“हेच वाजवायचा तो,” त्या म्हणाल्या. “दिवसभर. मी म्हणायचे, अरे, पुढचं वाजव की.” त्यांनी डोळे पुसले आणि चादरही माझ्याबरोबर दिली.

नेरूळच्या आमच्या फ्लॅटमध्ये बंद केलेल्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या स्टँडला भिंतीकडे सरकवून, मी ते यंत्र मांडलं. घरात मी, नवरा आणि सासूबाई. नवऱ्याने पहिल्या दिवशी ऐकलं आणि म्हणाला, “वेगळं आहे.” मराठीत हा शब्द कशासाठी वापरतात ते सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई कोकणातल्या. गावच्या भजनात तीस वर्षं झांज वाजवलेल्या, त्यामुळे संगीतातलं त्यांना कळतं, असं त्यांचं स्वतःचंही मत आहे. त्या दोन महिने काही बोलल्या नाहीत. मग एके दिवशी चहा पिताना मुलाला म्हणाल्या, “अरे, ती सुरात लावते आहे ते चांगलंच आहे. पण लावून होणार कधी? गाणं कधी सुरू होणार?”

“हेच गाणं आहे, आई,” मी म्हटलं.

“असं होय,” त्या म्हणाल्या आणि सहानुभूतीने मला आणखी एक बिस्कीट दिलं.

अशी चार वर्षं गेली. शनिवार-रविवार दुपारी मी वाजवायची, रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर टाकायची. ऐकणारे मोजके, सगळे अनोळखी. कुठल्या तरी थंड देशातला एक गृहस्थ प्रत्येक रचनेखाली ‘छान’ एवढा एकच शब्द लिहायचा. सहाव्या की सातव्या ‘छान’नंतर मला शंका आली की तो न ऐकताच लिहीत असावा. पण त्याला तसं विचारणं बरं दिसलं नसतं, आणि ऐकणाऱ्यांतला एक कमी करणं मला परवडण्यासारखं नव्हतं.

मग मी ‘शनीची कडी’ केली. एकेचाळीस मिनिटांची रचना, चार महिने लागले. सुरुवातीला नुसते आठ सूर, मंद, लांबून येणारे. ते हळूहळू जवळ येतात, त्यांच्याखाली खर्जाची साथ येते, वर एक चाल तरंगायला लागते, मग दुसरी. तेविसाव्या मिनिटाला वरचं सगळं थांबतं. फक्त ते आठ सूर उरतात, अगदी बारीक. आणि त्यातला पाचवा सूर, जो तोपर्यंत शेकडो वेळा एकाच जागी वाजलेला असतो, तो अर्ध्या सुराने वर चढतो. बस, एवढंच. पण त्या अर्ध्या सुराने सगळ्याचा अर्थ बदलतो. तो नेमका कधी चढवायचा हे ठरवण्यात माझे तीन आठवडे गेले होते. आजवर मी जे काही केलं त्यातलं हेच खरं, असं मला वाटलं.

“शनीचं नाव कशाला दिलंस?” सासूबाई म्हणाल्या. “आपणहून साडेसाती घरात बोलवायची.”

आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा योगवर्ग आहे. रविवारी सकाळी क्लब हाऊसमध्ये वीसेक जण चटया टाकतात, आणि शेवटी शवासन असतं. शवासनाला योगाच्या बाई मोबाईलवर बासरी लावायच्या. अडचण अशी की बासरी ऐन रंगात आली की मधेच जाहिरात लागायची आणि एक उत्साही माणूस बाथरूमच्या टाइल्सबद्दल ओरडून सांगायला लागायचा. दोन आज्या दचकून उठल्या, एकीच्या मानेत उसण भरली. तेव्हा सासूबाईंनी सुचवलं, “आमच्या सूनबाईचं ते सुरात लावणं आहे की. त्यात जाहिरात नसते.”

बाई घरी आल्या आणि त्यांनी मला रीतसर विनंती केली. मी वरवर आढेवेढे घेतले. खरं म्हणजे चार वर्षांत प्रथमच वीस माणसं एका जागी, एका वेळी माझं संगीत ऐकणार होती, तीसुद्धा निमूटपणे पडून. कुठल्या कलाकाराला असे श्रोते मिळतात? मी माझे चांगले स्पीकर घेऊन गेले, दोन कोपऱ्यांत ठेवले आणि भिंतीला लागून खुर्चीत बसले.

चौथ्या मिनिटाला पहिलं घोरणं ऐकू आलं. मी तिकडे दुर्लक्ष केलं. सातव्या मिनिटाला डाव्या बाजूची अख्खी रांग झोपली होती. नवव्या मिनिटाला योगाच्या बाई, ज्या पाठीचा कणा ताठ ठेवून पद्मासनात बसल्या होत्या, त्यांची मान पुढे आली आणि तशीच राहिली. माझ्या सासूबाई तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या. तेविसावं मिनिट आलं. वरचं सगळं थांबलं. पाचवा सूर अर्ध्याने वर चढला. खोलीत जागं होतं ते मी आणि छताचा पंखा.

रचनेच्या शेवटी मी घंटेसारखा एक मोठा आवाज वापरला होता. यान कड्यांच्या पलीकडे निघून गेलं, अशी माझी कल्पना. त्या आवाजाने सगळे एकदम उठून बसले. एक आजी म्हणाल्या, “दार उघडा कोणीतरी.” मग सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले, आळोखेपिळोखे देत, चेहरे लहान मुलांसारखे ताजे. प्रत्येकाने जाताना माझं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे काका पेढे घेऊन आले. पाणीपुरवठा खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले, वय शहात्तर. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या, तेव्हापासून त्यांची झोप उडाली होती. गोळ्या झाल्या, काढे झाले, पायांच्या तळव्यांना तूप चोळून झालं. सगळ्या बिल्डिंगला ते माहीत होतं.

“दोन वर्षांत पहिल्यांदा सलग झोपलो गं,” ते म्हणाले. “उठलो तेव्हा एक क्षण कळेना मी कुठे आहे. फार बरं वाटलं.”

मला खरोखर भरून आलं. तरीही मी विचारल्याशिवाय राहिले नाही. “काका, मधे एका ठिकाणी सगळं थांबतं. तो भाग ऐकलात का?”

“छे,” ते अभिमानाने म्हणाले. “मी तर दोन मिनिटांतच गेलो.”

त्यानंतर मी प्रसिद्ध झाले. सेक्रेटरींनी रेकॉर्डिंग सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, शनीचं नाव नको म्हणून ‘शांत निद्रा ध्वनी’ असं बारसं करून. तिथून ते पुढच्या सेक्टरात गेलं, तिथून कुठे कुठे. मला लिफ्टमध्ये थांबवून माणसं सांगायची की आमचे सासरे तीन मिनिटांत आडवे होतात. एका दंतवैद्याने ते वेटिंग रूममध्ये लावलं आणि आठवड्याने बंद केलं, कारण नाव पुकारलं तरी पेशंट उठत नव्हते. त्याने मला फोन करून दिलगिरी व्यक्त केली. सेक्रेटरींनी कळवलं की सर्वांना रचना आवडली आहे, फक्त दोन बारीक सूचना आहेत. शेवटची घंटा काढावी, आणि एकेचाळीस मिनिटांऐवजी पहिली अकरा मिनिटंच पुन्हा पुन्हा ठेवावीत, कारण पुढचं तसंही कोणाच्या उपयोगाचं नाही.

“लोक ऐकताहेत ना? मग झालं,” नवरा म्हणाला.

“ऐकत नाहीत. तीच तर तक्रार आहे.”

“पण झोपतात तरी किती छान,” तो म्हणाला. त्याचा हेतू चांगला होता.

आमच्या कंपनीत एक सीनियर टेक्निशियन आहेत, नेरूळजवळच्या सारसोळे कोळीवाड्यातले. सगळे त्यांना दादा म्हणतात. नोकरीला लागून त्यांना पंचवीस वर्षं झाली, पण भावाची होडी आहे आणि सुट्टीच्या दिवशी ते अजून खाडीत जातात. एका सोमवारी ते टेस्टिंगच्या टेबलाशी माझ्या शेजारी वायर सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “म्याडम, तुमचं ते मोबाईलवर फिरतंय ना, ते आयकलं मी.”

“झोप लागली का?” मी विचारलं. तोवर मी हा प्रश्न अगदी सवयीने विचारायला लागले होते.

“झोपून कसं चालंल? जालं पान्यात होतं. काल होडीत बसल्या बसल्या पुरं आयकलं. शेवटी घंटा हाय तितपर्यंत.”

मी हातातलं काम खाली ठेवलं.

“मधी एका ठिकानी सगलं थांबतं,” ते म्हणाले. “खाली टुक टुक चालू हाय, पन वर कायच नाय. मग त्यातला एक सूर जरा वर जातो. ते आमच्याकडं असतं तसं हाय. ओहोटी संपते, भरती लागायची असते, मधी थोडा वेल पानी उभंच ऱ्हातं. होडी हालत नाय, जालं हालत नाय. आनि मग कायतरी एक हालतं. काय हाललं ते कलत नाय, पन कलतं का लागली भरती.”

मी शनीच्या कड्यांवर चार महिने घालवले होते. फोटो पाहिले होते, पुस्तकं वाचली होती. आणि ती कडी समजली ती नेरूळमागच्या चिखलात, कोळंबीची वाट बघत बसलेल्या माणसाला, तीही पाण्याची म्हणून. मला थोडा राग आला आणि त्याहून जास्त आनंद झाला. “दादा, ते अंतराळ आहे,” मी म्हटलं.

“असंल,” ते म्हणाले आणि पुढची वायर घेतली.

या एका श्रोत्याने माझी भीड चेपली. मी ठरवलं, प्रत्यक्ष कार्यक्रम करायचा. क्लब हाऊस मिळालं, रविवार, संध्याकाळी पाच वाजता. तेव्हा कोणाच्याही झोपेची वेळ नसते. मी चटया नकोत असं सांगितलं आणि प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायला लावल्या. कार्यक्रमाआधी सगळ्यांना कडक चहा ठेवला. नोटीस बोर्डावरच्या कागदावर खाली लिहिलं की रचना पूर्ण ऐकावी अशी नम्र विनंती आहे.

पाचला माणसं आली. साठेक तरी असतील. शेजारच्या दोन सोसायट्यांतूनही आली होती. प्रत्येकाच्या काखेत उशी होती. काहींनी पांघरूणही आणलं होतं, कारण क्लब हाऊसचा एसी जास्त असतो. खुर्च्यांकडे बघून थोडी कुजबुज झाली आणि मग कोणीतरी समजूतदारपणे त्या एकावर एक रचून भिंतीला लावल्या. चहा सगळ्यांनी घेतला. चहाचा काही उपयोग होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. दादा सारसोळ्याहून इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. रचलेल्या खुर्च्यांतली एक काढून ते पहिल्या रांगेत, म्हणजे उशांच्या अलीकडे, एकटेच बसले.

मी वाजवायला सुरुवात केली. मी घाबरले होते, पण सिक्वेन्सर घाबरत नाही, हा त्याचा मोठा गुण. दहाव्या मिनिटापर्यंत साठातले पन्नासेक गेले होते. मी मान वर करायची नाही असं ठरवलं. पंधरावं मिनिट चांगलं गेलं, दुसरी चाल इतकी सरळ कधीच उतरली नव्हती. एकोणिसाव्या मिनिटाला लाइट गेली.

जनरेटर लिफ्ट आणि जिन्यापुरता आहे. क्लब हाऊसमध्ये एकदम शांतता पसरली, आणि त्या शांततेने उशांवरची सगळी माणसं जागी झाली. संगीत चालू होतं तोवर झोपलेली माणसं संगीत थांबल्यावर डोळे चोळत विचारत होती, “काय झालं? काय झालं?” खिडक्यांतून संध्याकाळचं ऊन येत होतं, त्यात मी माझ्या मेलेल्या यंत्रासमोर उभी. जुन्या यंत्राची वीज गेली की शिकवलेलं सगळं पुसलं जातं. आठही सूर गेले होते.

“चार मिन्टं ऱ्हायली होती,” दादा हळहळून म्हणाले. कशाला, ते त्या खोलीत फक्त त्यांना आणि मलाच माहीत होतं.

लाइटची वाट बघताना काका माझ्यापाशी येऊन उभे राहिले. “एक विचारू?” ते म्हणाले. “हे सूर प्रत्येक वेळी त्याच क्रमाने येतात ना?”

“हो. आठ सूर, पुन्हा पुन्हा.”

“तेच तर,” ते म्हणाले. “ही आजारी होती तेव्हा आठ महिने मी जागा असायचो. कधी खोकला येईल, कधी हाक मारेल, काही सांगता यायचं नाही. ती गेली, पण कान तसेच राहिले. काहीतरी व्हायची वाट बघत असतात. तुझ्या या सुरांचं काय आहे, पुढे काय येणार ते ठाऊक असतं, आणि तेच येतं. दोनदा आलं, तीनदा आलं की मग कानांना वाटतं, चला, आपलं काम नाही इथे.”

चार आठवडे मी ज्या गोष्टीचा अपमान म्हणून राग धरला होता, तिची कोणी अशी नीट तपासणी करून अहवाल दिला नव्हता.

पंचवीस मिनिटांनी लाइट आली. तोवर बरेच जण उशा घेऊन घरी गेले होते, उरलेल्यांनी आपापल्या उशा पुन्हा सरळ केल्या. मी आठ सूर परत भरले. पहिल्यापासून वाजवण्यात अर्थ नव्हता, म्हणून विसाव्या मिनिटापासून धरलं. काकांनी या वेळी दादांच्या शेजारी खुर्ची ओढली. मघाशी बोलल्याचा मान राखावा म्हणून असेल, ते डोळे ताणून जागे राहिले. मला ते दिसत होतं आणि त्यांच्याबद्दल फार माया वाटत होती.

मग ती जागा आली. वरचं थांबलं. पाचवा सूर अर्ध्याने वर गेला. दादांनी हलकेच मान हलवली. काका ताठ झाले.

“चुकला,” ते मोठ्याने म्हणाले. “पाचवा चुकला तुझा.”

“चुकला नाही, काका. मुद्दाम केलंय.”

“मुद्दाम? कशासाठी?”

इतके दिवस मला कोणी हे विचारावं म्हणून मी वाट पाहिली होती, आणि आता उत्तर देता येईना. पूर्ण रचना त्या अर्ध्या सुरासाठीच होती. पण ज्या माणसाला पुढचा सूर जागच्या जागी येण्यानेच दोन वर्षांनी झोप लागली होती, त्याला मी नेमकी तीच गोष्ट हलवून दाखवली होती. तेही मुद्दाम, तीन आठवडे विचार करून. मी म्हटलं, “असंच. बरं वाटतं म्हणून.”

“मला नाही वाटलं,” काका म्हणाले.

दादा मधे पडले. “भरती लागली ती, काका.”

“भरतीचं टाइमटेबल असतं,” निवृत्त इंजिनियर म्हणाले. “आधी छापून येतं.”

मी शेवटपर्यंत वाजवलं. घंटा वाजली, उरलेले लोक उठले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई स्पीकरच्या वायरी गुंडाळायला आल्या. “आज माझी झोप मोडली मधेच,” त्या म्हणाल्या. “पण त्या लाइटचा दोष. तुझा नाही.”

पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता काका आमच्या दारात उभे. हातात आखीव वही, खिशाला दोन रंगांची पेनं. त्यांना सिक्वेन्सर कसा चालतो ते बघायचं होतं. बाल्कनीत दोन माणसं बसत नाहीत, त्यामुळे मी उंबऱ्यावर स्टूल टाकलं. कुठला नॉब कुठल्या सुराचा ते त्यांनी लिहून घेतलं, लाल पेनाने आकृती काढली, आणि अर्ध्या तासात त्यांना ते माझ्याहून जास्त कळलं असा त्यांचा समज झाला. मला राग आला नाही, कारण बऱ्याच अंशी ते खरं होतं. पंप कुठल्या क्रमाने चालू करायचे, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

मग ते दर शनिवारी यायला लागले. सासूबाई दोघांना चहा द्यायच्या आणि “आता दोघं मिळून सुरात लावताहेत” असं फोनवर नातेवाइकांना सांगायच्या. काकांचे स्वतःचे आठ सूर ठरायला पाच शनिवार लागले. मी सुचवलेला प्रत्येक सूर त्यांनी नाकारला. माझे सूर ढगासारखे होते, त्यांना पाइपासारखे हवे होते. वेग मी ठेवायची त्याच्या दुप्पट. मी एकदा भीत भीत म्हटलं की मधे कुठेतरी एखादा सूर बदलू या का. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

रचना नऊ मिनिटांची झाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच आठ सूर, त्याच जागी, त्याच जोराने. रंगही बदलायचा नाही, लोकांची फसवणूक होते, असं त्यांचं म्हणणं. नाव त्यांनी वहीवर आधीच लिहून ठेवलं होतं, ‘पंप हाऊस क्रमांक दोन’. हे ऐकून आपल्याला चांगली झोप लागेल अशी त्यांची खात्री होती, कारण यात चूक नव्हती. काकू सोबत होत्या तेव्हाची बरीच वर्षं त्यांनी त्या पंप हाऊसच्या क्वार्टरमध्ये काढली होती. हे त्यांनी मला सांगितलं नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडून काढून घेतलं.

रविवारी शवासनाला ‘पंप हाऊस’ लावलं. काका आपल्या चटईवर हात पसरून पडले. मी नेहमीच्या खुर्चीत. पहिल्या मिनिटात दोघा-तिघांनी डोळे उघडले. दुसऱ्या मिनिटात डावी रांग कोपरांवर उठून बसली. एका आजोबांचं पाऊल चटईवर ताल धरत होतं आणि ते आपल्या पावलाकडे आश्चर्याने बघत होते. चौथ्या मिनिटाला योगाच्या बाई, पद्मासन न मोडता, माझ्याकडे बघून हाताने बंद करायची खूण करायला लागल्या. मी बंद केलं नाही. वीसही माणसं जागी होती. पूर्ण नऊ मिनिटं, शेवटच्या सुरापर्यंत. चार वर्षांत मला हे एकदाही जमलं नव्हतं.

काका उठून बसले. त्यांनाही झोप लागली नव्हती. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, प्रत्येक उघडा डोळा बघितला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“एकही जण झोपला नाही,” ते मला म्हणाले. “बघितलंस?”

“बघितलं,” मी म्हटलं. असूया लपवायला मला थोडा वेळ लागला.

आता शवासनाला पुन्हा माझीच अकरा मिनिटं असतात, घंटा काढलेली. काका त्यात झोपतात. ‘पंप हाऊस’ सूर्यनमस्काराला चालेल का, असं योगाच्या बाईंनी त्यांना परवा विचारलं. त्यावर विचार करून लेखी कळवतो, असं काकांनी सांगितलं आहे.